डॉ. रखमाबाई : चरित्र व बोध

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी मंडळाच्या चालकांनी सूचना केली, तेव्हा आम्हांस प्रथम डॉ. रखमाबाईंचे स्मरण झाले. त्यास कारणही तसेच आहे. परीक्षांचे निकाल लागले की ज्ञातिबांधव आपल्या मुलांस घेऊन आमच्याकडे येतात आणि डॉक्टर व्हावयाचे तर काय शिकावे, दवाखान्यात नोकरी हवी तर कोणते प्रमाणपत्र लागते, असे विचारतात. आम्ही वैद्यकशास्त्र जाणत नाही. आयुष्य शाळामास्तरकीत गेले. तरी यथाशक्ति माहिती देतो. परंतु असे विचारण्यास येणाऱ्यांत मुलींचे पालक थोडे असतात. मुलीविषयी हा प्रश्न निघण्याची वेळ येण्यापूर्वीच तिच्या लग्नाची बोलणी झालेली असतात. म्हणून जिचे लग्न अकराव्या वर्षी झाले आणि जी पुढे वैद्यकीची सनद मिळवून पस्तीस वर्षे रुग्णांची सेवा करून गेली, अशा स्त्रीचे चरित्र आपल्या घराघरांत वाचले जावे, अशी आमची इच्छा आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या सुतार ज्ञातीतल्या. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. रखमाबाई अडीच वर्षांच्या असतानाच वडील वारले आणि जयंतीबाईंस ऐन सतराव्या वर्षी वैधव्य आले. त्या काळी अनेक ज्ञातींत विधवेचा पुनर्विवाह म्हणजे महापातक समजले जात असे. परंतु सुतार ज्ञातीत तशी बंदी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील कलहाच्या मुळाशी ही मालमत्ताही होती.

डॉ. सखाराम अर्जुन हे साधे गृहस्थ नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुंबईकडील औषधींविषयी त्यांनी ग्रंथ लिहिला होता आणि १८८३ साली मुंबईत निसर्गविषयक अभ्यासाची जी प्रख्यात संस्था स्थापन झाली, तिच्या मूळ संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते, त्यांपैकी ते एक होत. अशा विद्वानाच्या घरी रखमाबाई वाढल्या. घरात ग्रंथ होते, विद्वानांची ये-जा होती आणि सुधारणेची चर्चा कानांवर पडत होती.

असे असूनही त्यांचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. वर दादाजी भिकाजी हा सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला, एकोणीस वर्षांचा तरुण होता. लोकरूढीपुढे सुधारकांचेही फारसे चालत नसे, याचे हे उदाहरण होय. परंतु सखाराम अर्जुन यांनी दोन गोष्टी निक्षून ठरविल्या होत्या. जावयाने सासुरवाडीस राहून विद्याभ्यास करावा, ही एक; आणि मुलगी वयात आली तरी तिचे शरीर पुरते वाढेपर्यंत तिला संसारात घालावयाचे नाही, ही दुसरी. ही दुसरी गोष्ट वैद्य म्हणून त्यांस कळत होती. कोवळ्या वयातील बाळंतपणाने किती मुली दगावतात, हे त्यांनी पाहिले होते.

दादाजीचे विद्येत मन रमले नाही. तो मामाकडे जाऊन राहिला, आजारी पडला, कर्जात रुतला. इकडे रखमाबाई मात्र घरच्या घरी शिकत राहिल्या. शाळा सुटली होती, पण त्यांनी पुस्तक सोडले नव्हते. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणावीत, अडेल तेथे वडिलांस विचारावे, इंग्रजी आपल्या बळावर वाचावे, असा त्यांचा क्रम असे. आर्य महिला समाजाच्या व प्रार्थना समाजाच्या सभांस त्या जात. बरोबरीच्या मुली मुलेबाळे सांभाळीत असताना त्या अक्षरे गिरवीत होत्या, म्हणून आप्तांत बोलणाऱ्यांनी पुष्कळ बोलून घेतले. परंतु नवऱ्याच्या घरी जावयाचे नाही, हा त्यांचा निश्चय दिवसेंदिवस दृढ होत गेला.

१८८४ साली दादाजीने वकिलामार्फत नोटीस धाडून पत्नीला घरी नांदावयास पाठवावे, अशी मागणी केली आणि मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. त्या काळी असा दावा करणारा वादी जिंकणार, हे सर्व जण गृहीत धरून चालत. रखमाबाईंचे म्हणणे मात्र निराळे होते. अज्ञान वयात, आपली संमती न विचारता जो विवाह झाला व ज्यात संसार कधी झालाच नाही, तो आपल्यावर बंधनकारक मानू नये, असे त्यांनी कोर्टास सांगितले. दावा चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. मुलीचा मोठा आधार गेला. तरीही त्याच वर्षी जून व सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या एका प्रमुख इंग्रजी दैनिकात बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध एका हिंदू स्त्रीच्या नावाने दोन पत्रे प्रसिद्ध झाली आणि सर्वत्र खळबळ उडाली. ती रखमाबाईंची होती, हे पुढे लोकांस कळले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. बालपणी विवाह झालेल्या स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या स्वाधीन करण्यास आपणास आधार सापडत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. परंतु दादाजीने अपील केले, ते मान्य झाले आणि प्रकरण पुन्हा चौकशीस आले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की, रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी. बावीस वर्षांच्या या मुलीने कैद पत्करीन, पण जाणार नाही, असे कळविले. हिंदुस्थानातच नव्हे, तर विलायतेतही या उत्तराची चर्चा झाली. लोकमान्य टिळकांच्या केसरीने त्यांच्यावर कडक टीका केली. बेहरामजी मलबारी व इतर सुधारकांनी त्यांची बाजू घेतली आणि त्यांच्या साहाय्यासाठी समिती उभी राहिली. थोर माणसेही या प्रश्नावर दोन्ही बाजूंस उभी होती, हे वाचकांनी प्रामाणिकपणे समजून घ्यावे.

व्हिक्टोरिया राणीने आपल्या अधिकारात हा विवाह रद्द केला, अशी कथा आजही पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. तीत तथ्य नाही. प्रकरण मिटले ते तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन आपला हक्क सोडला आणि रखमाबाईंची कैद टळली. पुढे १८९१ साली संमतिवयाचा जो कायदा झाला व ज्याने ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, त्यामागील विचारमंथनात या खटल्याचा मोठा वाटा होता.

बहुतेक लोकांस रखमाबाई ठाऊक आहेत त्या एवढ्याच. आम्हांस मात्र त्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद वाटतो. खटल्यातून सुटून त्या स्वस्थ घरी बसल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु आता आपल्या पायांवर उभे राहावयाचे, तेही डॉक्टर होऊन, असे त्यांनी ठरविले. या कामी त्यांस मुंबईच्या कामा हॉस्पिटलातील डॉ. एडिथ पीची यांनी धीर दिला व मदत मिळवून दिली. या बाई स्वतः १८६९ साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीसाठी प्रवेश घेणाऱ्या सात स्त्रियांपैकी एक होत्या. तेथे शिकूनही केवळ स्त्रिया म्हणून त्यांस पदवी नाकारण्यात आली होती. विद्या असून सनद नसली की काय होते, हे त्यांच्याइतके कोणास कळणार!

येथे सनद म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट करावे लागेल. इंग्लंडात १८५८ साली कायदा होऊन डॉक्टरांची सरकारी नोंदवही सुरू झाली. मान्य परीक्षामंडळाची परीक्षा उतरलेल्याचेच नाव तीत चढे. इतरांनी कितीही ज्ञान मिळविले असले, तरी ते कायद्याच्या दृष्टीने डॉक्टर नव्हेत. परीक्षामंडळे स्त्रियांस परीक्षेस बसू देत नसत. तेव्हा स्त्रियांनी १८७४ साली लंडनमध्ये आपले स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय काढले. १८७६ साली दुसरा कायदा होऊन मंडळांस स्त्रियांची परीक्षा घेण्याची मोकळीक मिळाली आणि एकेक दार उघडू लागले. तरीही लंडनच्या शाही वैद्यक व शल्य महाविद्यालयांची दारे विसाव्या शतकाचे पहिले दशक सरत येईपर्यंत स्त्रियांस बंदच राहिली. म्हणून लंडनच्या विद्यालयातील अनेक विद्यार्थिनी शिकत लंडनला, रुग्णालयातील अनुभव घेत रॉयल फ्री हॉस्पिटलात आणि परीक्षेस मात्र जात स्कॉटलंडला.

रखमाबाईंनीही हाच मार्ग धरला. मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेजात १८८३ पासून स्त्रियांस प्रवेश मिळू लागला होता. परंतु नियमित शाळा व मॅट्रिकची परीक्षा ही शिडी रखमाबाईंच्या वाट्यास आलीच नव्हती. विलायतेतही नियम सोपा नव्हता. वैद्यकीय विद्यार्थी म्हणून नाव नोंदविण्यापूर्वी सर्वसाधारण शिक्षणाची परीक्षा द्यावी लागे आणि तीत लॅटिनसारखी भाषाही असे. घरच्या घरी शिकलेल्या मुलीस हा डोंगरच होता. १८८९ साली त्या बोटीने निघाल्या. इंग्लंडात मॅकलॅरेन दांपत्याने त्यांस आपल्या घरी आसरा दिला. शरीररचना, रसायन, औषधे, शस्त्रक्रिया, सूतिकाशास्त्र अशा पायऱ्या चढत त्यांनी अभ्यास पुरा केला. स्कॉटलंडच्या महाविद्यालयांची सनद मिळविली आणि १८९४ साली बेल्जमच्या ब्रुसेल्स विद्यापीठाची एम. डी. ही पदवीही घेतली. ज्या मुलीस कोर्टाने सात वर्षांपूर्वी तुरुंगाची वाट दाखविली होती, तिच्या हाती आता कोणत्याही साहेब डॉक्टरच्या तोडीचे अधिकारपत्र होते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव वाचकांस परिचित आहेच. १८८६ साली अमेरिकेत पदवी घेऊन त्या परत आल्या, परंतु क्षयाने त्यांस १८८७ च्या फेब्रुवारीतच ओढून नेले आणि त्या विद्येचा उपयोग रुग्णांस व्हावयाचा राहून गेला. रखमाबाईंस दैवाने दीर्घ आयुष्य दिले आणि त्यांनी ते वाया दवडले नाही. आपल्या देशात प्रत्यक्ष दवाखाना चालविणाऱ्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला व सुमारे बावीस वर्षे तो सांभाळला. तो काळ प्लेगाचा व दुष्काळाचा होता. त्याहूनही मोठी अडचण म्हणजे लोकांची भीती. दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही, अशी समजूत होती. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरास नाडीही दाखवीत नसत आणि बाळंतपणे अंधाऱ्या खोलीत, धूर कोंडलेल्या जागी, अशिक्षित सुइणींच्या हातून होत. असे सांगतात की, एकही बाई बाळंतपणास येईना, तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणून तिची सुटका केली व शेळी आणि करडू सुखरूप असल्याचे बायकांस दाखविले. त्यानंतर हळूहळू रुग्ण येऊ लागले. सनद भिंतीवर टांगून रुग्ण येत नाही. त्याचा विश्वास मिळवावा लागतो, हे या कथेचे सार आहे.

१९१७ च्या सुमारास त्या राजकोट संस्थानातील स्त्रियांच्या रुग्णालयात मुख्य अधिकारी म्हणून गेल्या आणि १९३० च्या आसपास निवृत्त झाल्या. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९०४ साली दादाजी वारल्याचे कळल्यावर त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसण्यास आरंभ केला, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. ज्याच्याशी संसार करण्याचे नाकारून तुरुंग पत्करावयास निघाल्या, त्याच्या मृत्यूनंतर हे व्रत का घ्यावे, याचे अनेकांस नवल वाटते. आम्हांस त्यात विसंगती दिसत नाही. त्यांचे भांडण परंपरेतील अन्यायाशी होते. मनाने त्या येथल्याच होत्या. निवृत्तीनंतर पडदा नाहीसा व्हावा म्हणून त्यांनी लेखणी चालविली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी पार केल्यावर, मुंबईत त्यांनी देह ठेवला. देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला आणि हिंदू स्त्रीस कायद्याने घटस्फोटाचा हक्क मिळाला, तेही वर्ष १९५५ हेच होय.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. रखमाबाई मुंबईत कोर्टाची पायरी चढत होत्या, तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेस १८४६ पासून वैद्यकीय विद्यालय होते आणि तेथे १८८५ च्या सुमारास स्त्रियांसही प्रवेश मिळू लागला; भूल देण्याच्या कामात नाव मिळविलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी तेथल्याच. परंतु आपल्या खेड्यापाड्यांतील मुलांस हैदराबाद म्हणजे परदेशच. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षण उर्दूतून होते आणि मराठी मुलांस आधी ती भाषा शिकावी लागे. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला, १९५८ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, विद्यापीठ स्थापन झाले आणि विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अंबाजोगाईसारख्या ग्रामीण ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. रखमाबाईंस ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडावा लागला, ती आज आपल्या जिल्ह्यात आहे.

पालकांच्या माहितीसाठी थोडे तपशील येथे देतो. डॉक्टर होण्यासाठी बारावीस भौतिक, रसायन व जीव हे विषय घेऊन नीट ही परीक्षा द्यावी लागते. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा व त्यावर एक वर्षाची आंतरवासिता. आयुर्वेद व होमिओपॅथीस दोन्ही मिळून साडेपाच वर्षे लागतात आणि त्यांसही नीटच द्यावी लागते. परिचर्येची पदवी चार वर्षांची, पदविका तीन वर्षांची आणि सहायक परिचारिका प्रसाविकेचा अभ्यास दोन वर्षांचा. औषधनिर्मितीची पदविका दोन वर्षांची व पदवी चार वर्षांची. यांपैकी काहीही शिकले, तरी त्या त्या परिषदेत नाव नोंदविल्यावाचून काम करता येत नाही. १८५८ च्या विलायती कायद्याचे तत्त्व ते हेच. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेस परिषदेची मान्यता आहे की नाही, हे पाहावे. आमच्या माहितीतील एका मुलीने मान्यता नसलेल्या एका संस्थेत दोन वर्षे व बापाने उसने काढलेले पैसे घालविले. हाती आलेला कागद कोणत्याही दवाखान्यात चालला नाही. तसेच सनद नसलेल्या माणसाकडून सुई टोचून घेऊ नये. तो गावातला आहे, उधारीवर औषध देतो, एवढ्याने तो डॉक्टर होत नाही.

परंतु ही सर्व माहिती बारावीपर्यंत पोहोचलेल्या मुलीच्याच उपयोगाची. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीस कारखान्यांवर जातात. आमच्या मास्तरकीच्या काळात दिवाळीनंतर वर्ग उघडला की निम्मे बाक रिकामे दिसत. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही बापाची काळजी खोटी नाही. लग्न करून दिले की जबाबदारी उतरली आणि जोडप्याने कोयता धरला की उचलही मिळते, हा हिशेबही आम्ही ऐकला आहे. परिणाम असा की, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बालविवाहाच्या बाबतीत बीड राज्यातील अग्रभागी असलेल्या जिल्ह्यांत गणला गेला. १९७८ पासून मुलीच्या लग्नाचे वय अठरा आहे. तरीही हे चालते, आणि आपली ज्ञाती त्यातून सर्वस्वी मुक्त आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. कोवळ्या वयातील बाळंतपण, फडावरील कष्ट, दुखणे अंगावर काढणे आणि शेवटी कोणीतरी सांगतो म्हणून ऐन तिशीच्या आत पिशवी काढून टाकणे, या गोष्टी २०१९ साली साऱ्या देशात गाजल्या. डॉ. सखाराम अर्जुन यांस जे भय होते, ते दीडशे वर्षांनंतरही आपल्या दाराशी उभे आहे.

म्हणून सभासद बंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे. अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घरी आली, तर ती घेऊ नये व त्या मांडवात जेवू नये; मग ते घर कितीही जवळच्या सोयऱ्याचे असो. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाची मुलगी शिकत असेल, तर ते सहा महिने गावातील एखाद्या सुस्थित घराने तिला आपली लेक म्हणून ठेवून घ्यावे किंवा तिला वसतिगृहात प्रवेश मिळवून द्यावा. मंडळानेही गुणगौरवाच्या वेळी गुलाबपुष्प व श्रीफळ देऊन न थांबता एका तरी मुलीची परिचर्येची किंवा औषधनिर्मितीची फी दरवर्षी भरावी. रखमाबाईंच्या पाठीशी आईने करून दिलेली मालमत्ता होती, विद्वान सावत्र वडील होते, पीचीबाई होत्या, मॅकलॅरेन दांपत्य होते. एवढी माणसे उभी राहिली, तेव्हा एक सनद हाती आली आणि त्या सनदेने हजारो बायकांची बाळंतपणे सुखरूप झाली. आपल्या ज्ञातीतील मुलींच्या पाठीशीही अशी माणसे उभी राहोत, ही श्रीयोगेश्वरीचरणी प्रार्थना करून आम्ही वाचकांचा निरोप घेतो.